एक टोपी, सहा हजार टाके : हौशी विणकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचेरीत डबा खाऊन झाला की मी सुया बाहेर काढतो, आणि समोर बसलेला माणूस ठरलेले तीन-चार प्रश्न विचारतो. लग्नकार्यात नातेवाईक त्यात आणखी सात-आठांची भर घालतात. उत्तरं देता देता टाके मोजायचे राहतात आणि ओळ उसवावी लागते, म्हणून ती इथे एकदाच लिहून टाकतो. मी शिकवण्या घेत नाही, विणलेलं विकत नाही, आणि फार हळू विणतो. एवढं धरून चालून पुढचं वाचा.

एक टोपी व्हायला किती दिवस लागतात?

साधारण तीन आठवडे. हे ऐकून लोक हसतात, म्हणून मी एकदा हिशेबच मांडला. मोठ्या माणसाच्या साध्या टोपीला मी ११२ टाके घालतो. सरळ भाग ४२ ओळींचा, म्हणजे झाले ४,७०४ टाके. वरचा घुमट टाके कमी करत करत २० ओळींत मिटतो, त्यात आणखी १,२८८. एकूण ५,९९२, म्हणजे सहा हजारच म्हणा. माझा वेग मिनिटाला पंधरा टाक्यांचा. चारशे मिनिटं झाली. रोज डब्यानंतरची वीस मिनिटं धरली तर वीस दिवस.

यात उसवणं धरलेलं नाही. तसंच, कोणीतरी मध्येच "साहेबांनी फाइल मागितलीय" म्हणतं, तो वेळही नाही. सरावलेल्या बायका हीच टोपी दोन संध्याकाळी मालिका बघता बघता संपवतात. मला त्यांचं कौतुक आहे, पण त्यांच्यासारखं विणायची घाई नाही. मालिका बघता बघता मी विणलं तर दोन सुलट (सपाट दिसणारे टाके) दोन उलटचं (गाठीसारखे दिसणारे) तीन सुलट एक उलट होतं.

पुण्यात लोकरीची टोपी लागते कुठे?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला तळजाईवर किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बघा. पारा कधी कधी दहाच्या खाली असतो आणि निम्मी मंडळी माकडटोपीत असतात. दुपारी हेच लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उसाचा रस पितात, ते वेगळं. नाशिककडे, विशेषतः निफाडला, थंडी याहून कडक पडते. तिथल्या द्राक्षबागायतदारांना टोपीची गरज समजावून सांगावी लागत नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्या टोप्या बहुतेक बाहेरगावी जातात. पुतण्या शिकागोला असतो. तिकडच्या वाऱ्याबद्दल त्याचा पहिल्याच वर्षी फोन आला : "काका, टोपी छान आहे, पण वारा आरपार जातो." तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या टोपीची कड मी दुप्पट लांब विणतो, म्हणजे ती दुमडून कानांवर दोन थर येतात. लोकर स्वतः गरम नसते, तिच्यात अडकलेली हवा आपली ऊब धरून ठेवते. वाऱ्याने ती हवाच पळवली तर टोपी नुसती शोभेची राहते. म्हणून तिकडच्यांसाठी घट्ट वीण आणि दुहेरी कड. पुण्यातल्या पहाटेला मात्र एकेरी पुरते.

दीड-दोनशे रुपयांत टोपी मिळते. मग तीन आठवडे कशाला घालवायचे?

पैसे वाचतात म्हणून विणत असाल तर खरंच विणू नका. थंडीत तिबेटी मंडळी गावोगाव गरम कपड्यांचा बाजार मांडतात. त्यांचा बराचसा माल लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. मशीन जे मिनिटांत करतं त्याच्याशी माझी वीस दिवसांची स्पर्धा नाही. चांगल्या लोकरीची एक गुंडी, म्हणजे धाग्याचा गोळाच, त्या टोपीहून महाग पडते. मला विणायला आवडतं, टोपी हा त्याचा उरलेला भाग. शिवाय बाजारातली टोपी माझ्या मोठ्या डोक्यावर चढत नाही, ही आमच्या घराण्याची जुनी अडचण आहे.

दुकानात 'लोकर' म्हणून जे देतात ते खरंच लोकर असतं का?

बहुतेक वेळा नसतं. आपल्याकडे 'लोकर' मागितली की दुकानदार अ‍ॅक्रिलिकचा धागा काढून देतो. त्यात त्याची फसवाफसवी नाही, बोलण्यातच तसं रुळलंय. तुळशीबाग, बोहरी आळीच्या भागात रंगीत गुंड्यांच्या ज्या राशी दिसतात त्यांतल्या बहुसंख्य अ‍ॅक्रिलिकच्या. लेबल वाचा, त्यावर लिहिलेलं असतं. लेबल फाटलेलं असेल तर बोटभर धागा घरी आणून चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा आपोआप विझते आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, भराभर जळतं आणि त्याची कडक गोळी होते. ती गोळी गार होईपर्यंत बोट लावू नका. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. ते स्वस्त आहे, रंग भरपूर, मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही. पण घाम आला की ते चिकट लागतं. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊनही ओली लागत नाही. चालायला, डोंगरावर जायला लोकर घ्या. शेकोटीपाशी बसणाऱ्यासाठी तर नक्कीच, कारण उडालेल्या ठिणगीने लोकरीला भोक पडतं, अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं.

मग आपल्या धनगरी मेंढीची लोकर का वापरत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मी स्वतः तो प्रयोग करून बसलोय. दख्खनी मेंढीची काळी लोकर घोंगडीसाठीच जन्मलेली आहे. जाड, राठ, पाऊस झेलणारी. घोंगडी अंगावर शर्टावरून येते, टोपी मात्र थेट कपाळावर बसते. धाग्यातला तंतू तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की त्याचं टोक वाकत नाही, कातडीला टोचतं. मेरिनोचा तंतू वीसच्या आसपास, म्हणून तो मऊ. मी हातसुताचा काळा धागा आणून टोपी विणली, पहाटे घालून निघालो, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत कपाळ लाल झालं. ती टोपी आता कुंडीखाली आहे. पाणी धरून ठेवते, तक्रार नाही. त्याच धाग्याची पिशवी किंवा बसायचं आसन मात्र उत्तम होईल.

सुया कुठल्या घ्यायच्या? नंबर कळत नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या नंबरांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेचे नंबर बरोब्बर उलटे चालतात, तिकडची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. मावशीने तिकडून आणलेली सुई आणि इकडची सुई 'आठ नंबरच आहे की' म्हणून जोडीने वापरली तर स्वेटरची एक बाही पाहुण्याची होते. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

सुरुवातीला ४ मिलिमीटरच्या दोन साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया आणि फिक्या रंगाची मध्यम जाडीची गुंडी पुरे. काळा धागा पहिल्यांदा घेऊ नका, रात्री टाके दिसत नाहीत. बांबूच्या सुयांवरून टाके कमी घसरतात, त्यामुळे हलत्या लोकलमध्ये बऱ्या. गुंड्या घेताना लेबलवरचा रंगाच्या घाण्याचा नंबर सगळ्यांवर एकच आहे ना ते पाहा. दुकानाच्या दिव्यात दोन निळे सारखे दिसतात, उन्हात नाही.

टोपीचं माप कसं काढायचं? नमुना सांगा ना.

आधी चौकोन विणा. कंटाळवाणा आहे, मलाही येतो कंटाळा, पण विणा. तीसेक टाके घालून बारा-तेरा सेंटिमीटर उंच तुकडा विणायचा, धुवायचा, वाळू द्यायचा आणि मग मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. मध्यम जाडीच्या धाग्याला ४ मिलिमीटरच्या सुईवर माझे २२ येतात. तुमचा हात घट्ट असेल तर २४ येतील, सैल असेल तर २०. दोन टाक्यांचा हा फरक अख्ख्या टोपीत चार-पाच सेंटिमीटरचा होतो.

आता डोकं मोजा, कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या जरा वरून. समजा ५५ सेंटिमीटर आलं. टोपी त्याहून चार सेंटिमीटर लहान हवी, कारण वीण ताणते आणि ताणामुळेच डोक्यावर टिकते. ५१ गुणिले २.२, म्हणजे ११२. हा आकडा आठने भागला जातो हे आपलं नशीब. तुमचा आकडा जात नसेल तर जवळच्या आठच्या पाढ्यातला घ्या.

गोल सुई (दोन टोकं लवचिक तारेने जोडलेली) असेल तर ११२ टाके घालून गोल जोडा. दोन सरळ सुया असतील तर ११४ घाला, कडेचा एकेक टाका शिवणीत जातो. पहिले पाच सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट. ही कड रबरासारखी ताणते. मग साधी वीण, म्हणजे गोल सुईवर सगळं सुलट, सरळ सुयांवर एक ओळ सुलट आणि एक उलट, एकूण उंची १५ सेंटिमीटर होईपर्यंत. आता घुमट. बारा टाके सुलट विणा, पुढचे दोन एकत्र, असं आठ वेळा. १०४ राहिले. पुढची ओळ न घटवता. मग अकरा सुलट आणि दोन एकत्र, पुन्हा एक ओळ साधी. मग दहा, मग नऊ, असंच उतरत जा. ५६ टाके उरले की एक शेवटची साधी ओळ विणा, मग साध्या ओळी बंद करा आणि प्रत्येक ओळीत आठ-आठ कमी करत जा. शेवटी सुईवर आठ टाके राहतात. धागा हातभर ठेवून कापा, जाड सुईत ओवून त्या आठांतून काढा आणि ओढा.

ती शेवटची ओढ. वर नाण्याएवढं गोल तोंड उघडं असतं, धागा ओढताच आठही टाके एकमेकांना भिडून ते मिटतं आणि चपटा तुकडा हातात अचानक टोपीसारखा फुगतो. वीस दिवस थांबलो ते याच पाच सेकंदांसाठी, असं मला दर वेळी वाटतं. नंतर लगेच आठवतं की आत सहा धाग्यांची टोकं लपवायची राहिलीत.

टाका सुटला आणि खालपर्यंत शिडी झाली. उसवायचं का?

नाही. आधी सुई ठेवा आणि सुटलेल्या टाक्यात सेफ्टीपिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली पळत नाही. मग क्रोशाची सुई घ्या. टाक्यात समोरून घाला, शिडीची सगळ्यात खालची पायरी पकडून टाक्यातून ओढा, मग वरची पायरी. एकेक करत वर या आणि शेवटी टाका पुन्हा सुईवर. उलट बाजूचा टाका असेल तर काम पालथं करून हेच करा.

पण दोन सुलट दोन उलटची रेषाच पाच ओळींपूर्वी सरकली असेल तर उसवा. "कोणाला दिसतंय" असं म्हणून मी दोनदा पुढे गेलो. दोन्ही वेळा ज्याला टोपी दिली त्याच्या बायकोने पहिल्या मिनिटात तिथेच बोट ठेवलं.

बाळंतविड्यासाठी टोपडं आणि मोजे विणायचेत. काय लक्षात ठेवू?

हळू विणणाऱ्याने सगळ्यात आधी हे लक्षात ठेवायचं की बाळाचं डोकं तुमच्यासाठी थांबत नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर, सहा महिन्यांत ४३ आणि वर्षाला ४६ च्या आसपास. मी भाचीच्या बाळासाठी मे महिन्यात ३५ चं टोपडं सुरू केलं, बाळ ऑगस्टमध्ये आलं आणि टोपडं फेब्रुवारीत. ते तिच्या थोरलीच्या बाहुलीला मिळालं. बाहुलीला छान बसलं. तेव्हापासून माझा नियम एकच : सुया हातात घ्याल त्या दिवसाचं माप धरू नका, विणून पोचेल त्या दिवसाचं धरा. ऑगस्टमधलं बाळ असेल तर पुढच्या वर्षाच्या थंडीचंच टोपडं घाला, ४६ वजा ३, म्हणजे ४३ सेंटिमीटरचं, ९६ टाके. तोवर लोकर, सुया आणि बाळ तिघंही वाढतात असं समजा.

धागा मऊ हवा आणि वारंवार धुता येणारा. इथे मी बिनदिक्कत चांगलं अ‍ॅक्रिलिक किंवा मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो घेतो, कारण बाळंतिणीला हाताने लोकर धुवायला लावणं हा अन्याय आहे. टोपड्याला लांब नाड्या नकोत, गोंडे आणि मणी तर नकोतच. मोज्यांची आतली बाजू बोटाने चाचपून बघा. आत सैल धागा राहिला तर तो बाळाच्या अंगठ्याभोवती आवळला जाऊ शकतो, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही.

आज्या रागावतील, तरी सांगतो. बाळ घरात झोपलं की टोपडं काढा. बाळाची उष्णता बरीचशी डोक्यातूनच बाहेर जाते, ती कोंडली तर बाळ जास्त तापतं, आणि सैल टोपडं तोंडावर घसरण्याची भीती वेगळी. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर गोष्ट निराळी. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरतात तेव्हा टोपी मुद्दाम घालतात. तिथे डॉक्टर सांगतील तसं.

कोणाकडून शिकलात?

आत्याकडून. अकरा वर्षांचा असताना पाय प्लास्टरमध्ये होता, पत्ते खेळून संपले होते, आणि आत्याच्या पिशवीत सुया होत्या. ती स्वतः १९६२ मध्ये शाळकरी असताना शिकली. चीनबरोबरच्या युद्धात जवानांसाठी घरोघरी आणि शाळाशाळांतून स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या जात होत्या. यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे तेव्हाचं बोलणं. आत्या म्हणायची, "सह्याद्रीचं माहीत नाही, माझा एक मोजा दुसऱ्यापेक्षा इंचभर लांब होता. कुठल्या बिचाऱ्याच्या पायात गेला देव जाणे." साठ वर्षं तिला त्या इंचाची रुखरुख होती.

पुरुष असून विणता?

हो. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचं बेट आहे, तिथे टोप्या पुरुषच विणतात. मुलगे लहानपणीच शिकतात. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर सूत काढतात. आमच्या कचेरीत मात्र मी एकटाच.

क्रोशाने लवकर होतं ना?

होतं. धागा जास्त खातं आणि टोपी जरा ताठ होते. रुमाल, तोरण, पिशवी क्रोशानेच करा.

धुवायचं कसं, आणि पावसाळ्यात ठेवायचं कुठे?

लोकर असेल तर कोमट पाणी, केस धुवायचा शाम्पू थोडासा, चोळायचं नाही, पिळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि टोपी आकसून नमद्यासारखी घट्ट होते. मग ती पुन्हा मोठी होत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सपाट पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगलेली टोपी लांबट होते.

कसर लागते ती अळीमुळे, उडणाऱ्या पाकोळीमुळे नाही. अळीला घामट, मळकी लोकर फार आवडते, म्हणून पावसाळ्याआधी धुऊन, कडक उन्हात तासभर ठेवून, पूर्ण गार झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरायची. कोकणातल्यांनी अधूनमधून उघडून वास घ्यावा. दमट राहिलं तर कसरीआधी बुरशीच येते. कडुनिंबाचा वाळलेला पाला आमच्या घरी पूर्वापार घालतात. डांबराच्या गोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ वाढते. ठेवणीतली कुंची किंवा स्वेटर काढून बाळाला थेट घालायचा प्रसंग आपल्याकडे घरोघरी येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जुना स्वेटर उसवून त्याची टोपी होईल?

होईल, आणि हे काम विणण्याइतकंच गोड आहे. शिवणी उसवा, बंद केलेल्या टोकाकडून धागा ओढत जा आणि खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळा. धागा शेवयांसारखा वाकडा निघतो. लड चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवा आणि खाली छोटा तांब्या लटकावून वाळवा, वळ्या बऱ्याच जातात. कारखान्यात कापून शिवलेला स्वेटर असेल तर सोडून द्या, दर ओळीला धागा तुटलेला निघतो. शिवणीच्या आत डोकावलं तर कापलेल्या कडा दिसतातच.

आमच्यासाठी एक विणून द्याल का?

पैसे नकोत, पण रांग आहे. सध्या सुईवर शिकागोची टोपी आहे, तिचा घुमट सुरू झालाय. त्यानंतर कचेरीतल्या शिपाईकाकांची माकडटोपी, मग भाचीच्या धाकट्याचा स्वेटर. त्याचा मुंडा, म्हणजे बाही जोडायची जागा, अजून ठरायचाय. आत्ता डोक्याचा घेर आणि रंग कळवलात तर पुढच्या दिवाळीच्या मागेपुढे मिळेल. लहान मुलासाठी हवी असेल तर घेर पाठवू नका, जन्मतारीख पाठवा.